चोथ्याची गिरणी : मॅनिंगहॅम मिल्सचा इतिहास

स्मरणिकेसाठी प्रत्येकाने वस्त्रोद्योगातल्या एकेका संस्थेचा इतिहास लिहायचा असं ठरलं, तेव्हा सोबत्यांनी मुंबई, सोलापूर, इचलकरंजी आपसांत वाटून घेतलं. मी इंग्लंडमधलं ब्रॅडफर्ड मागून घेतलं. माझी सगळी नोकरी स्पन सिल्कमध्ये गेली. रेशमाच्या चोथ्यापासून चांगलं सूत यंत्रावर निघू शकतं हे ज्या गिरणीने मोठ्या प्रमाणावर करून दाखवलं, तिचं ऋण माझ्या पोटापाण्यावर आहे. ते या निमित्ताने नोंदवावं अशी फार दिवसांची इच्छा होती.

आधी थोडं चोथ्याबद्दल, कारण कापसाच्या खात्यात आयुष्य घालवलेल्या मित्रांनाही हा माल नीट ठाऊक नसतो. तुतीच्या रेशीमकिड्याचा एक कोष म्हणजे साधारण हजार मीटरच्या आसपास सलग तार. पण रिलिंग करणाऱ्याच्या हाती ती सगळी येत नाही. टोक शोधताना वरचा गुंता निघून जातो, तळाशी राहिलेला पापुद्रा उलगडत नाही, पतंग बाहेर पडून भोक पडलेल्या कोषाची तार जागोजाग तुटलेली असते, दोन किड्यांनी मिळून केलेला जोडकोष गुंतत राहतो. हे सगळं बाजूला पडतं, तोच चोथा. त्यात पानं, काड्या, मेलेल्या किड्यांचे अवशेष, माती असं काय वाटेल ते असतं. वर डिंक. रेशमाच्या वजनात जवळपास चौथा हिस्सा सेरिसिन नावाचा डिंकच असतो, आणि चोथ्यात तो वाळून कडक झालेला असतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे रेशीम आहे हे सांगूनही पटत नाही.

सॅम्युअल कन्लिफ लिस्टर यांना ते पटलं. १ जानेवारी १८१५ रोजी ब्रॅडफर्डजवळ कॅल्व्हर्ली हॉल इथे त्यांचा जन्म झाला. घरच्यांचा विचार मुलाला धर्मगुरू करण्याचा होता. मुलाला धंद्याची ओढ. काही काळ लिव्हरपूलला कारकुनी केली आणि १८३८ मध्ये वडिलांनी मॅनिंगहॅमला नवी गिरणी बांधून सॅम्युअल आणि थोरले बंधू जॉन यांच्या हवाली केली. वुर्स्टेड म्हणजे विंचरलेल्या लोकरीची कताई हा त्यांचा धंदा. लोकर विंचरायचं काम तेव्हा हाताने, तापवलेल्या कंगव्यांनी होई. ते यंत्रावर आणायचे प्रयत्न कार्टराइटपासून अनेकांनी केले होते आणि कोणाचंच पुरतं जमलं नव्हतं. लिस्टर यांनी १८४० च्या दशकात ते जमवलं. एकट्याच्या बुद्धीने नव्हे. दुसऱ्यांची यंत्रं सुधारून, त्यांचे हक्क विकत घेऊन, वर आपली भर घालून. हे सांगायला हवं, कारण संस्थेच्या इतिहासात संस्थापकाला एकट्याला उभं करायची आपल्याकडे सवय आहे. २०० पौंडांत तयार होणारं ते विंचरणी यंत्र ते १२०० पौंडांना विकत आणि तरी मागणी पुरी होत नसे. म्हणजे चोथा समोर आला तेव्हा ते श्रीमंत होते आणि विंचरणं म्हणजे काय हे त्यांच्याइतकं जाणणारा माणूस क्वचितच असेल. दुसरी गोष्ट मला पहिलीपेक्षा महत्त्वाची वाटते.

चोथा १८५५ च्या सुमारास त्यांच्यापुढे आला. कुणी नमुना पाठवून विचारलं, यातला धागा वापरता येईल का, असं एका ठिकाणी नोंदलेलं आहे. म्हातारपणी लिस्टर स्वतः सांगत ती हकिगत वेगळी आहे : लंडनच्या एका वखारीत एका ढिगापाशी ते थांबले, हे काय म्हणून विचारलं, कचरा आहे असं उत्तर आलं, आणि अर्धा पेनी पौंड या भावाने त्यांनी तो उचलला. तो ढीग हिंदुस्थानातून आलेला होता. या मालाला व्यापारात ‘चासम’ म्हणत. मुर्शिदाबाद आणि मालदाकडच्या रेशमाच्या गावांतून निघणारा असला चोथा कलकत्त्याच्या बंदरातून जात असे. या इतिहासात आपला देश असा पहिल्या पानावर, कचऱ्याच्या रूपात येतो.

चोथा कातण्याची कल्पना नवी नव्हती. युरोपात आणि आपल्याकडेही हाताने तो कातला जातच होता. आसामात तर एरीचा कोष मुळातच एका टोकाला उघडा असतो, त्याची सलग तार निघत नाही, म्हणून तो नेहमी कातूनच वापरतात. इंग्लंडात काही गिरण्या चोथ्याचे लहान तुकडे करून ते कापसासारखे पिंजून कातत. त्या सुताला रेशमाचा अंश असे, रेशमाची कळा नसे. कळा येते लांब तंतू समांतर बसल्यावर. आखूड तंतूंची टोकं सुताबाहेर डोकावतात, त्यांवर उजेड विखुरतो आणि सूत मंद दिसतं. लिस्टर यांना हवं होतं लांब तंतूचं, कच्च्या रेशमाच्या शेजारी ठेवता येईल असं सूत, आणि तेही चोथ्याच्या भावात. त्यासाठी जवळपास दहा वर्षं गेली. एक पैसा नफा दिसण्याआधी ३,६०,००० पौंड खर्ची पडले असं ते सांगत. दिवाळं निघायची वेळ आली होती. सहकारी सोडून गेले. अखेर यंत्र जमलं, आणि पुढे एका वर्षी ६ पेन्स ते १ शिलिंग पौंड दराने घेतलेल्या मालाचं सूत २३ शिलिंग पौंडाने विकलं गेलं. स्वस्तातला चोथा धरला तर ४६ पट.

त्या दहा वर्षांत नेमकं काय सुधारत होतं, हे इतिहासाच्या पुस्तकांत दोन ओळींत आटोपतात. मला तिथेच थांबायचं आहे, कारण आपण सगळे याच खात्यांतून वर आलेले आहोत.

पहिली पायरी डिंक काढण्याची. याच्या दोन रीती. स्वित्झर्लंड-फ्रान्सकडे चोथा कोमट पाण्यात काही दिवस आंबवून डिंक सोडवत. त्या मालाला शाप्पे म्हणतात. त्यात थोडा डिंक मुद्दाम राखता येतो, पण खात्याला असा दर्प असतो की नवा माणूस उभा राहू शकत नाही. इंग्लिश रीत साबणाची. चोथा सुती पिशव्यांत भरून साबणाच्या पाण्यात उकळीच्या बेताने शिजवायचा, मग दुसऱ्या पाण्यात पुन्हा, मग धुवायचा. जवळजवळ सगळा डिंक निघतो आणि तंतू पांढरा, मऊ, चकचकीत होतो. सांगायला हे दोन वाक्यांचं काम आहे. कमी शिजलं तर तंतूंचे जुडगे एकमेकांना चिकटलेले राहतात आणि पुढे कुठलाही कंगवा त्यांना सोडवत नाही, तोडतो. जास्त शिजलं, साबणात मोकळा क्षार असला, तर तंतू दुबळा होतो आणि कळा जाते. आणि सगळ्यात मोठी गोष्ट पाणी. ब्रॅडफर्डची लोकर मोठी झाली त्यात भोवतालच्या टेकड्यांवरून येणाऱ्या हलक्या पाण्याचा वाटा आहे. तेच पाणी लिस्टर यांच्या रेशमालाही मिळालं.

पाण्याचं महत्त्व मला पुस्तकातून कळलं नाही. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, दक्षिणेतल्या एका गिरणीत मी शिजवण खात्यावर होतो. पाऊस लांबला, तलाव आटला, आणि बोअरच्या पाण्यावर काम चालू ठेवायचा हुकूम आला. साबणाला फेस येईना. मी साबण वाढवला. तोच माझा अपराध. जड पाण्यातल्या चुन्याशी साबण मिळाला की न विरघळणारा चिकट साका होतो आणि तो तंतूवर बसतो. धुऊन जात नाही. माल वाळल्यावर हाताला किंचित खरखरीत लागला, पण आम्ही पुढे ढकलला. विंचरणीवर तंतू तुटू लागले, कात्यावर गाठी पडू लागल्या, आणि शेवटी काळ्या पाटीवर सूत गुंडाळून पाहिलं तेव्हा ते चांदण्यासारखं ठिपक्याठिपक्यांनी भरलेलं होतं. पाटी हातात घेऊन खिडकीपाशी उभा असलेला मी मला अजून दिसतो. सगळी खेप परत आली. कताई खात्यावर आरडाओरड झाली, तिथल्या माणसांना बोलणी बसली, आणि दोष होता चार खाती मागे, शिजवण्याच्या हौदात. सूत बिघडतं कात्यावर असं दिसतं. बिघडलेलं असतं फार आधी. हे मला त्या खेपेने शिकवलं.

शिजवलेला माल वाळवताना पुन्हा तसंच. फार वाळवला की रेशीम विजेने भारतं. तंतू एकमेकांपासून पळतात, रुळांना चिकटतात, हवेत उडतात. म्हणून तो थोडा ओलसर ठेवून, पाण्याचा आणि तेलाचा हलका शिडकावा देऊन काही वेळ पडू द्यायचा. घाई करणाऱ्याला ही विश्रांती वाया गेलेल्या वेळासारखी वाटते. रेशीम हवेतला ओलावा बराच धरतं. व्यापारात त्याचं वजन ११ टक्के ओलावा गृहीत धरून मोजतात. ब्रॅडफर्डच्या नगरपालिकेने १८९१ मध्ये माल तपासून असं खरं वजन ठरवून देणारं ‘कंडिशनिंग हाऊस’ उघडलं, त्यावरून या गोष्टीला तिथे किती मान होता ते कळेल.

आणि मग ड्रेसिंग. स्पन सिल्कचा जीव या खात्यात आहे. आधी फिलिंग यंत्रावर काट्यांच्या मोठ्या ढोलाभोवती चोथा पसरून गुंडाळतात. काट्यांच्या ओळी ठरावीक अंतरावर असतात. ढोल भरला की त्या ओळींमधून कापून तंतूंच्या पट्ट्या मोकळ्या करतात आणि काठीवर दुमडतात. मग या पट्ट्या लाकडी फळ्यांच्या जोडीत, पुस्तकात पान दाबावं तशा घट्ट धरायच्या. जेवढा भाग फळीबाहेर राहतो त्यावरून कंगवे फिरतात. आखूड तंतू, गाठी, कचरा कंगव्यात जातो. फळीत राहतात ते लांब तंतू. मग पट्टी उलटी धरायची, आत असलेलं टोक बाहेर, आणि पुन्हा विंचरायचं. हा पहिला ड्राफ्ट, सगळ्यात लांब तंतूंचा. कंगव्यात अडकलेला माल गोळा करून पुन्हा तेच केलं की दुसरा ड्राफ्ट, मग तिसरा. दर वेळी तंतू आखूड. शेवटी जे हाती लागत नाही ते नॉइल. तेही फेकायचं नाही, त्याचं जाड खडबडीत सूत वेगळं निघतं.

लिस्टर यांची झुंज होती ती याच कामाला हाताकडून यंत्राकडे नेण्याची. लोकरीच्या विंचरणीवर चोथा नुसता चढवून भागणारं नव्हतं. लोकरीला कुरळेपणा असतो, ती एकमेकींना धरून राहते. डिंक गेलेलं रेशीम गुळगुळीत. सैल धरलं तर मुठीतून निसटतं, घट्ट धरलं तर कंगव्यात तुटतं. किती धरायचं आणि किती सोडायचं, एवढाच प्रश्न होता आणि त्याला दहा वर्षं लागली.

यंत्र आल्यानंतरही हात गेला नाही. विंचरलेल्या पट्ट्या उजेडावर धरून त्यांतले केस, काड्या, कोषाच्या टिकल्या हाताने वेचायचं काम मॅनिंगहॅममध्ये होतं तसं आमच्याकडेही होतं. काचेचं टेबल, काचेखाली दिवा, आणि काचेवर ढगासारखं पसरलेलं रेशीम. आमच्या टेबलावरच्या सगळ्यांत जुन्या बाई निपाणीकडच्या होत्या, त्यांना सगळे अक्का म्हणत. मी नवा असताना मोठ्या उत्साहाने वेचायला चिमटा घेतला. त्यांनी माझ्या हातातला चिमटा काढून बाजूला ठेवला. “साहेब, चिमटा नगं. चिमट्याला काय कळतंय, काडी धरली का रेशीम धरलं? बोटाला कळतंय.” मग अंगठा आणि तर्जनी जराशी ओली करून त्यांनी केसाएवढी काळी काडी उचलली, भोवतालचा एक तंतू हलला नाही. मला ती काडी दिसायलाही वेळ लागला होता. आमच्या २/२१० नंबरच्या सुताला बाजारात जो मान होता, तो त्या टेबलावर तयार होत असे. गुणवत्तेच्या तक्त्यावर मात्र त्या खात्याला वेगळा रकाना नव्हता. ही चूक सुधारण्याइतका माझा अधिकार झाला तोवर अक्का निवृत्त झाल्या होत्या.

पुढची खाती कापसाच्या लोकांना ओळखीची वाटतील. पट्ट्या गिलच्या काट्यांवरून पसरून सलग पेळू करायचा, तो पुन्हा पुन्हा जोडून ओढायचा म्हणजे जाड-बारीकपणा एकमेकांत मिटतो, मग रोव्हिंग, मग कात्यावर पीळ, मग दुपदरी. स्पन सिल्कची खास गोष्ट शेवटची : गॅसिंग. पिळलेलं सूत वेगाने गॅसच्या ज्योतीतून जातं आणि बाहेर डोकावणारी लव जळून जाते. वेग कमी पडला तर सूत करपतं, जास्त झाला तर लव राहते. त्यात वजन कमी होतं, म्हणून नंबर थोडा बारीक होतो. हा हिशेब आधीच धरून कातावं लागतं. गॅसिंगनंतरची लड हातात घेतली की ती बोटांवरून पाण्यासारखी घसरते. एवढं सगळं झाल्यावर चोथा रेशीम होतो.

लिस्टर यांची दुसरी मोठी कमाई मखमलीची. होसे रेइशाक या स्पॅनिश माणसाच्या मागाची कल्पना त्यांनी हाती घेतली. यात दोन कापडं समोरासमोर एकाच वेळी विणली जातात, त्यांना जोडणारे लवेचे धागे मधून सुरीने कापतात आणि दोन मखमली वेगळ्या होतात. लवेला गिरणीचं स्वतःचं स्पन सूत. मखमलीच्या लवेत सुताचं टोक उभं राहून पाहणाऱ्याकडे तोंड करतं. साध्या विणीत दडून जाणारी गाठ तिथे डाग होऊन बसते. म्हणून मला वाटतं, मॅनिंगहॅमचं सूत सुधारत गेलं त्यात विंचरणीइतकाच मखमलीच्या मागाचाही हात होता. सुताचं गिऱ्हाईक घरातच, आणि तेही खोड काढणारं. रेशमी विंचरणी आणि मखमल यांतून लिस्टर यांना अनेक वर्षं दर साल २ लाख पौंड मिळत राहिले.

याच काळात आपल्या रानातलं रेशीमही त्या बाजारात पोचलं. लीकचे रंगारी टॉमस वॉर्डल यांनी टसरचा तपकिरी रंग घालवून त्यावर रंग चढवण्याची रीत बसवली आणि १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात टसर मांडला. टसरचा तंतू तुतीच्या रेशमापेक्षा जाड आणि चपटा, त्यावरून उजेड वेगळा उसळतो. त्याची लव सीलच्या कातड्यासारखी दिसते, म्हणून यॉर्कशरमध्ये टसरच्या स्पन सुताची प्लश, म्हणजे लांब लवेची मखमल, निघू लागली. आपल्या भंडारा, गडचिरोली, चंद्रपूरच्या रानांत ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर ढिवर समाज जो कोसा पिढ्यान्‌पिढ्या वाढवतो, तो याच जातीचा. टसरचा डिंक तुतीपेक्षा हट्टी, नुसत्या साबणाला दाद देत नाही, सोडा लागतो. आणि सोडा चुकला की तंतू गेला. या कोशाचा चोथा आपल्याकडे अजूनही बराचसा मांडीवर आणि मटक्यावर हाताने कातला जातो. ते सूत सुंदर असतं, पण कातणारणीला त्याचा मोबदला सुंदर मिळत नाही.

गिरणीची वास्तू आज दिसते ती दुसरी. पहिली फेब्रुवारी १८७१ मध्ये जळाली. अँड्र्यूज आणि पेपर या वास्तुविशारदांनी त्याच जागी नवी बांधली, १८७३ मध्ये ती पुरी झाली. इटालियन घाटाची भव्य दगडी इमारत आणि तिची २४९ फुटी चौकोनी चिमणी. इटलीतल्या घंटाघरासारखी ती बांधलेली आहे आणि शहराच्या कुठल्याही बाजूने दिसते. लोक तिला ‘लिस्टरचा अभिमान’ म्हणतात. भरभराटीच्या काळात इथे ११,००० माणसं कामाला होती. बॉयलरला आठवड्याला १,००० टन कोळसा लागे. शहराने लिस्टर यांचा पुतळा त्यांच्या हयातीत, १८७५ मध्ये उभारला. त्यांनीही शहराला दिलं : स्वतःची बाग कमी भावाने दिली, कलादालनासाठी पैसे दिले आणि त्या दालनाला स्वतःचं नव्हे, कार्टराइट यांचं नाव दिलं. ज्याच्या अपुऱ्या राहिलेल्या यंत्रावर आपण उभे राहिलो त्याचं नाव आपल्या पैशाने बांधलेल्या इमारतीला देणं, हे मला फार मोठं वाटतं.

म्हणूनच १८९० चा डिसेंबर लिहिताना वाईट वाटतं. अमेरिकेने त्या वर्षी मॅकिन्ले कायद्याने आयात मालावर जबर जकात बसवली. मखमल आणि प्लशचं मोठं गिऱ्हाईक तुटलं. कंपनीने नाताळच्या तोंडावर विणकरांच्या मजुरीत २५ टक्क्यांपर्यंत कपात जाहीर केली. विणकर बाहेर पडले, मग कताईची खातीही. पाहता पाहता जवळपास ५,००० माणसं रस्त्यावर आली, त्यांत बायका आणि मुली मोठ्या संख्येने. १९ आठवडे संप चालला. एप्रिलमध्ये शहरात लष्कर उतरवलं गेलं. २७ एप्रिल १८९१ रोजी उपासाने थकलेले कामगार कपात मान्य करून परत गेले. त्याच वर्षी लिस्टर लॉर्ड मॅशम झाले. मुंबईच्या गिरण्यांचा १९८२ चा संप डोळ्यांनी पाहिलेल्या आपल्या पिढीला ते आठवडे कसे गेले असतील हे समजावून सांगायला नको. फरक एवढा की ब्रॅडफर्डच्या हरलेल्या कामगारांनी लगेच आपली राजकीय संघटना बांधली आणि १८९३ च्या जानेवारीत त्याच शहरात केर हार्डी यांच्या अध्यक्षतेखाली इंडिपेंडंट लेबर पार्टी स्थापन झाली. आजच्या ब्रिटिश मजूर पक्षाची एक मुळी या गिरणीच्या फाटकाशी आहे.

जकात खरी होती, तोटा खरा होता. तरी माझं मत असं आहे की कंपनीने चूक केली. यंत्र जमावं म्हणून ज्या माणसाने दहा वर्षं तोटा सोसला, त्याच्याकडे विणणाऱ्या हातांसाठी तोटा सोसायची ताकद नक्की होती. लिस्टर २ फेब्रुवारी १९०६ रोजी स्विंटन पार्क इथे वारले.

त्यानंतरचा इतिहास थोडक्यात सांगतो. १९११ मध्ये पाचव्या जॉर्जच्या राज्याभिषेकाची मखमल, १,००० यार्ड, इथूनच गेली. १९३४ मध्ये वाफ जाऊन वीज आली. दुसऱ्या महायुद्धात १,३३० मैल पॅराशूटचं रेशीम निघालं. १९३४ मध्ये वाफ जाऊन वीज आली. युद्धानंतर मिरपूरकडची आणि आपल्या उपखंडातली इतर माणसं ब्रॅडफर्डच्या गिरण्यांत रात्रपाळीला आली. शंभर वर्षांपूर्वी जिथे इथला चोथा गेला होता तिथे आता इथले हात गेले. कृत्रिम धागे आले, परदेशी माल स्वस्त झाला, खाती एकेक बंद होत गेली आणि १९९२ मध्ये गिरणी थांबली. बरीच वर्षं ती ओसाड होती. पुढे तिथे घरं झाली. ‘सिल्क वेअरहाऊस’ आणि ‘व्हेल्व्हेट मिल’ या नावांच्या इमारतींत आज कुटुंबं राहतात. चिमणी उभी आहे आणि वास्तूला सरकारी संरक्षण आहे.

दगड राहिले, पण ड्रेसिंग खात्याची विद्या दगडात राहत नाही. कुठल्या गावचा चोथा किती मिनिटं शिजवायचा, कुठल्या महिन्यात साबण किती, पहिल्या ड्राफ्टला फळी किती दाबायची, ही माहिती असते मुकादमाच्या वहीत आणि अक्कांसारख्यांच्या बोटांत. आपल्या देशातलीही काही खाती गेल्या काही वर्षांत बंद झाली. गिरणी बंद झाली की यंत्रं भंगारात जातात आणि वह्या रद्दीत.

म्हणून या स्मरणिकेतून एक मागणं. तुमच्यापैकी कोणाच्या घरी शिजवण किंवा ड्रेसिंग खात्याची नोंदवही, ड्राफ्टचे तक्ते, फळ्यांची जोडी, काळी पाटी, काही असेल तर ते टाकून देऊ नका. पुढच्या मेळाव्याला येताना बरोबर आणा. वह्यांची पानं उतरवून घ्यायचं काम मी करीन. माझ्या स्वतःच्या दोन वह्या आहेत. जड पाण्याच्या त्या खेपेची नोंदही त्यांत आहे.